एका ओळीचा अन्वय

साहित्याच्या वर्गातून उठून मी प्रोग्रॅमिंगच्या भाषांवर लिहितेय, याचं काहींना नवल वाटेल. पण एपीएल आणि जे या भाषांपुढचा प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे: थोडक्यात लिहायचं, आणि तरी वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

केनेथ आयव्हर्सन हे मूळचे कॅनडाचे गणितज्ञ. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी गणिती विचार नेमकेपणाने मांडण्यासाठी एक चिन्हलिपी घडवली. १९६२ साली ती पुस्तकरूपाने आली आणि पुढे तिचीच एपीएल ही संगणकभाषा झाली. १९९० मध्ये त्यांनी रॉजर हुई यांच्यासोबत जे ही भाषा तयार केली.

अॅरे म्हणजे आकड्यांची रांग किंवा तक्ता. एरवी लूप लावून एकेक आकडा तपासतात. इथे अख्ख्या रांगेशी एकदम बोलायचं. समजा चौघांचे गुण आहेत: २८ ३५ ६१ ४०. पास किती? नाव मराठीत ठेवलं, तर एपीएलची ओळ अशी:

+/३५≤गुण

ही ओळ उजवीकडून सोडवायची. ‘३५ किंवा त्याहून जास्त आहेत का?’ याचं उत्तर येतं ० १ १ १. मग +/ त्यांची बेरीज करतं: ३. जर-तर नाही, लूप नाही. चांगल्या शैलीचा पहिला धडा हाच.

दुसरा धडा कंसांचा. इथे गुणाकाराला अग्रक्रम नसतो, त्यामुळे ३×२+४ म्हणजे १८. उगाच कंस टाकू नयेत, पण वाचणारा अडखळेल तिथे एखादा जरूर ठेवावा.

तिसरा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण कवितेचा अन्वय लावतो, तसा प्रत्येक ओळीचा लावून बघावा. ती एका सरळ मराठी वाक्यात सांगता येत नसेल, तर तिचे दोन तुकडे करावेत आणि मधल्या उत्तराला अर्थपूर्ण नाव द्यावं.

चौथा धडा टिपणांचा. चिन्हं जे सांगतातच ते पुन्हा लिहू नये. जे सांगत नाहीत ते लिहावं. सरासरीची ही ओळ बघा:

(+/गुण)÷≢गुण

अन्वय सोपा: गुणांची बेरीज भागिले गुणांची संख्या. पण परीक्षेला कुणी बसलंच नसेल तर? शून्य भागिले शून्य. एपीएल एरवी याचं उत्तर १ देते, जे ० देते. दोन्हीकडे चूक म्हणून काही दाखवलं जात नाही. निकालपत्रात मात्र रिकाम्या वर्गाची सरासरी छापून येते, आणि तो आकडा कुणीतरी खरा मानतं.

म्हणून त्या ओळीशेजारी ‘यादी रिकामी नसावी’ एवढं टिपण हवं, आणि त्याआधी तशी तपासणीही हवी. त्याने ओळ थोडी लांबेल. लांबू दे. नेमकं लिहिणं वेगळं आणि नुसतं तोकडं लिहिणं वेगळं.