चिकूच्या वाडीत टॉवर

विरारपर्यंतच धावणारी लोकल 16 एप्रिल 2013 रोजी डहाणू रोडपर्यंत गेली आणि चर्चगेटपासून 124 किलोमीटरवरचं हे गाव मुंबईच्या उपनगरी नकाशात आलं. तेव्हापासून इथे फ्लॅटच्या जाहिराती दिसतातच. पण खरी झुंबड उडाली ती जवळच्या वाढवण बंदरामुळे. 30 ऑगस्ट 2024ला 76,220 कोटींच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. ‘चौथी मुंबई’ हे नावही मंत्र्यांच्या भाषणांतून ऐकू येऊ लागलं. जमिनीच्या दलालाला आणखी काय हवं असतं?

पण टॉवर उभा करायला आधी जमीन लागते. लोअर परळला गिरण्यांच्या मोठमोठ्या जमिनी मोजक्या मालकांच्या हातात होत्या आणि 2001च्या नियमबदलाने त्यांना मोकळं रान मिळालं. इथली गोष्ट वेगळी आहे. 2011च्या जनगणनेनुसार शेजारच्या तलासरी तालुक्यात दहातले नऊ जण आदिवासी, डहाणूत दोन-तृतीयांशांहून जास्त. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ आडवं येतं. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पुरते. खरेदीला राज्य सरकारची पूर्वमान्यताही लागते. त्यामुळे इथे सॅम्पल फ्लॅट बघायच्या आधी सातबारा बघावा, त्यातही ‘इतर हक्क’चा रकाना. ‘साहेब, ते आम्ही करून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर बयाणा खिशातच ठेवावा.

ही तरतूद कुणी सहज दिलेली नाही. 1945 साली तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली एकत्र आले, ते वेठबिगारी आणि सावकारी जमीनदारीविरुद्ध. जमीन हातातून जाणं म्हणजे काय, हे या भागाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

कलम 36 अचा परिणाम असा, की विकता येईल अशी जमीन फार थोडी उरते. तिच्यातला डोळ्यांत भरणारा भाग म्हणजे डहाणू ते घोलवड-बोर्डीचा किनारपट्टा, पारशी-इराणी बागायतदारांनी नावारूपाला आणलेल्या चिकूच्या वाड्यांचा. सगळी मागणी या चिंचोळ्या पट्टीवर कोसळते. ज्या घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्याच झाडांवर कुऱ्हाड पडण्याची भीती आहे. चिकूचं झाड पिढ्यान् पिढ्या फळ देतं. प्लॉटचा पैसा एकदाच येतो, पण एकरकमी येतो. बागायतदाराच्या पुढच्या पिढीला शेतीत रस नसेल तर हिशेब कुठे झुकणार, हे सांगायला नको.

दुसरा लगाम 20 जून 1991च्या केंद्रीय अधिसूचनेचा. तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि भोवती 25 किलोमीटरचा पट्टा आखला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. या प्राधिकरणाने 1998 साली वाढवण बंदराला नकार दिला होता. 31 जुलै 2023ला त्याच प्राधिकरणाने, आता नव्या अध्यक्षांच्या काळात, अटी घालून होकार दिला. बंदराला अशी वाट मिळाल्यावर बिल्डरने आशा का सोडावी?

जाहिरातीत न येणारी आणखी एक बाब जमिनीखाली आहे. नोव्हेंबर 2018पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या आसपास भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. 1 फेब्रुवारी 2019चा धक्का चारहून अधिक तीव्रतेचा होता. पक्क्या भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. नीट आराखडा केलेली उंच इमारत असे धक्के सोसू शकते. प्रश्न असतो तो आराखडा बांधकामात कितपत उतरतो याचा. ग्राहकाने स्विमिंग पूलच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरबद्दल विचारलेलं बरं.

आणि पूल भरायचा कशाने? सूर्या प्रकल्प मूळचा डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. त्यातलं रोजचं 403 दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी राखून ठेवलेलं आहे. तिथल्या टॉवरच्या नळाला येणारं पाणी इकडचंच. डहाणूत तसेच टॉवर आले, तर सिंचनाच्या पाण्यावर आणखी एक हक्कदार उभा राहील.