रसायनज्ञ आणि यंत्रज्ञ यांच्या मधली जागा

प्रयोगशाळेतील चंबूत बिनबोभाट होणारी क्रिया कारखान्यातील टाकीत का बिघडते? उत्तर भूमितीत आहे. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली, तर आतला माल हजारपट वाढतो. उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र शंभरपटच. क्रिया उष्णता सोडणारी असेल, तर चंबूत आपोआप निवणारा पदार्थ टाकीत तापत राहतो. प्रसंगी स्फोट होऊन माणसे दगावतात. रसायनज्ञाला मोठी भांडी ठाऊक नव्हती आणि यंत्रज्ञाला रसायन. या दोघांच्या मधली जागा भरायला जो पुढे आला, तो रसायन-अभियंता.

ही जागा ओळखणाऱ्यांत अग्रमान मँचेस्टरच्या जॉर्ज डेव्हिसचा. आणि त्याला ती दिसली एका कायद्यामुळे! इंग्लंडात त्या काळी मिठापासून सोडा करीत. त्यात निघणारा हायड्रोक्लोरिक अम्लाचा वायू आसपासची झाडे-पिके जाळी. १८६३ च्या कायद्याने त्याचा शेकडा ९५ भाग अडविणे कारखानदारांस भाग पडले. कोक भरलेल्या मनोऱ्यात वरून पाणी व खालून वायू सोडला, की तो पाण्यात विरघळे. डेव्हिस या कायद्याखालील निरीक्षक होता. एरवी प्रत्येक कारखानदार आपली रीत कुलुपात ठेवी. निरीक्षकाला मात्र दार उघडावेच लागे. हिंडता हिंडता त्याच्या ध्यानात आले, की माल निराळा असला तरी कामे तीच : आटवणे, गाळणे, वाळवणे, ऊर्ध्वपातन. आपल्या गुऱ्हाळातील काहिलीत रस आटो की तिकडे सोड्याचा द्राव, पाण्याची वाफ करण्याचा हिशेब मुळात एकच. एखाद्या नव्या पदार्थाच्या शोधापेक्षा ही ओळख मोठी, असे आम्ही समजतो.

१८८० साली या धंद्याची संस्था काढण्याचा प्रयत्न फसला. १८८७ त डेव्हिसने मँचेस्टरच्या तंत्रशाळेत बारा व्याख्याने दिली. (व्याख्यानांतून एक पेशा उभा राहिला, हे आम्हां व्याख्यानवेड्यांना सुखावणारे खरेच!) पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत लुइस नॉर्टनने अभ्यासक्रम सुरू केला, पण त्यात रसायन आणि यंत्रशास्त्र बरेचसे शेजारी शेजारी नांदत होते. १९१५ त आर्थर लिटलने या समान कामांना ‘एकक क्रिया’ म्हटले, आणि १९२३ त वॉकर, लुइस व मॅकॅडम्स यांच्या पाठ्यपुस्तकाने त्यांचे गणित मांडले. रंगांच्या धंद्यात अग्रेसर असलेल्या जर्मनीला मात्र हा तिसरा माणूस पुष्कळ काळ नकोच होता; तिथे रसायनज्ञ व यंत्रज्ञ जोडीने काम करीत.

मुंबई विद्यापीठाने १९३३ त रासायनिक तंत्रविद्येचा विभाग उघडला, तेव्हा आरंभीच्या दोन विषयांत हा एक होता. दुसरा कापडाच्या रसायनाचा; गिरण्यांच्या मुंबईत तो असायचाच.