दिवसाची वीज, रात्रीची तजवीज

मंठा तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर यांच्या रानांतून जो शेतकरी विहिरीच्या पाण्यावर हंगाम काढतो, त्याच्या लेखी वीज किती मिळते याइतकाच ती केव्हा मिळते हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण थ्रीफेजची पाळी कधी दिवसा तर कधी मध्यरात्री येत असल्यामुळे, पौषाच्या थंडीत विंचूकाट्याची तमा न बाळगता दारे धरण्यास जाणे हे मराठवाड्यातील कृषिजीवनाचे जणू अपरिहार्य अंगच होऊन बसले. 2017 साली आरंभिलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने व 2023 मधील तिच्या दुसऱ्या टप्प्याने कृषिपंपांचे फिडर सौर प्रकल्पांना जोडून ही पाळी दिवसाकडे वळविण्याचा जो उपक्रम हाती घेतला, त्याचे शास्त्रीय मर्म असे की, जे काम उन्हातच उरकता येते त्यासाठी वीज साठविण्याचे प्रयोजनच उरत नाही. विहिरीतून उपसून शेततळ्यात सोडलेले पाणी हाच त्या उन्हाचा साठा होय.

परंतु घरोघरचे दिवे लागतात ते सूर्यास्तानंतर, आणि नेमक्या त्याच प्रहरी सौरनिर्मिती शून्यावर येते. सुगीची ज्वारी पेवात घातल्यावाचून जशी पुढे आषाढात भाकरी मिळत नसे, तसे दुपारच्या विजेलाही पेव हवे. असे एक पेव मराठवाड्यातच, पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी आहे. तेथील 12 मेगावॉटचे यंत्र पाणी खाली येताना वीज निर्माण करते आणि उलटे फिरविले असता तेच पाणी पुन्हा वर चढविते. या उदंचन पद्धतीचा सारा जमाखर्च मात्र उंचीवर अवलंबून असतो. हजार लिटर पाणी 400 मीटर खाली उतरले की सुमारे एक युनिट वीज हाती येते. उंची 40 मीटर असेल, तर त्याच एका युनिटासाठी दसपट पाणी लागते.

म्हणूनच या विद्येचे खरे माहेर सह्याद्रीचे कडे होत. वरचे धरण अकोले तालुक्यात घाटघरला आणि खालचे शहापूर तालुक्यात चोंढ्याला, अशा रचनेचा 250 मेगावॉटचा प्रकल्प जपानच्या अर्थसाहाय्याने उभा राहून 2008 साली कार्यान्वित झाला. त्या जपानात अशी केंद्रे मुख्यतः अणुवीज केंद्रांची रात्रीची शिल्लक वीज जिरविण्यासाठी बांधली गेली होती. आज क्यूशू बेटावर तीच भर दुपारी पाणी वर चढवितात, आणि तरीही 2018 पासून काही दिवशी सौरनिर्मिती आवरती घ्यावी लागते. चीनने फेंगनिंग येथे या जातीचे 3,600 मेगावॉटचे विशाल केंद्र उभारले, त्यामागील प्रेरणाही शिल्लक वीज साठविण्याचीच.

जेथे कडे नाहीत तेथे बॅटरीवाचून गत्यंतर नाही. गुजरातेतील मोढेरा गावी 2022 साली 6 मेगावॉटच्या सौरप्रकल्पाला सुमारे 15,000 युनिटांच्या बॅटरीसाठ्याची जोड देऊन दिवसरात्र सूर्याच्या विजेची व्यवस्था करण्यात आली. तथापि कोणताही साठा बिनखर्ची नसतो: पाणी चढविण्यास चार युनिटे घालावीत तेव्हा तीनच्या आसपास परत मिळतात, बॅटरीत तूट कमी, पण तिचे आयुष्य मर्यादित. यास्तव मंठ्यासारख्या तालुक्यापुरती तजवीज करताना दिवसा चालू शकणारे पंप प्रथम हिशेबातून वजा करावेत, आणि मग जी संध्याकाळची गरज उरेल तेवढ्याचाच साठा सरकारने खरेदी करावा.