परसातली चूल

खर्ड्याचा किल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. १७९५ साली इथे मराठ्यांनी निजामाच्या फौजेला हरवले. ती लढाई केव्हाच संपली. पण आपल्या घरात एक लढाई अजून चालू आहे. ती बायामाणसांची धुराशी लढाई.

आता पुष्कळ घरी गॅस आला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून गरिबाघरीही टाकी पोचली. तरी भाकरी चुलीवर होते, अंघोळीचे पाणी चुलीवर तापते. टाकी भरायला पैसे लागतात. तुराट्या, पऱ्हाट्या शेतातच मिळतात. म्हणून परसात चूल असतेच. असू द्या, पण ती विचार करून मांडा.

धुराने नुसते डोळे चुरचुरत नाहीत. धूर छातीत जातो. खोकला, दमा जडतो. लेकरांना न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की घरातल्या चुलीच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

आमचीच चूक सांगतो. निवृत्त झाल्यावर आम्ही परसात स्वयंपाकाला छपरी बांधली. मागच्या दारासमोर, पश्चिमेला जागा मोकळी दिसली. तिथे चूल मांडली. कुणाला विचारले नाही. पावसाळा आला. पश्चिमेचा वारा सुटला. सगळा धूर दारातून घरात! आमची मंडळी खोकत म्हणाली, "अहो, पोरांना दिशा शिकवल्यात. मला विचारलं असतंत, तर वारा कुठून येतो ते मीच सांगितलं असतं." आम्ही गप्प बसलो. छपरी मोडली आणि दाराच्या बाजूला, उत्तरेच्या कोपऱ्यात पुन्हा बांधली.

म्हणून पहिले काम वारा पाहण्याचे. काठीला चिंधी बांधा. सकाळ-संध्याकाळ बघा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात पूर्वेकडून. दोन्ही वेळा धूर दारात शिरणार नाही, अशी जागा धरा.

दुसरे काम आग सांभाळण्याचे. कडब्याची गंज आणि गोठा चुलीपासून निदान ३० पावले लांब हवा. छपरीवर पत्रा घाला, पाचट नको. रात्री विस्तव विझवून मगच झोपा.

तिसरे काम छपरीचे. १० फूट लांब, ८ फूट रुंद जागा पुरते. जमीन वीतभर उंच करा, म्हणजे पाणी शिरत नाही. पावसाच्या बाजूला भिंत घाला. दोन बाजू उघड्या ठेवा. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर फट ठेवा. धूर तिथून जातो.

चौथे काम मांडणीचे. मध्ये चूल, एका हाताला सरपण, दुसऱ्या हाताला पाणी. काथवट ठेवून ऐसपैस बसता आले पाहिजे. सरपण छपराखाली कोरडे ठेवा. ओले सरपण फार धुरकटते. लेकरू रांगत चुलीपाशी जाऊ नये म्हणून कठडा करा. मोरीचे पाणी केळीला किंवा अळूला सोडा.

जमल्यास चुलीला धुराडे बसवा. १९५३ साली हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी अशा बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली होती. धुराडे पत्र्याच्या वर काढा. महिन्यातून एकदा आतली काजळी झाडा. काजळी साठली, की धूर उलटा फिरतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चुलीपुढे रोज कोण बसते? आई, सून, कारभारीण. आधी तिला त्या जागेवर बसवा. तिचा हात कुठवर पोचतो ते बघा. तिला विचारा. मगच चुन्याची रेघ मारा.

उद्या सकाळी काठीला चिंधी बांधा.