फिरती त्रिमितीय अक्षरे: शोभा की उपयोग?

विंडोजमधला ‘थ्रीडी टेक्स्ट’ स्क्रीनसेव्हर आता पडदा वाचवत नाही. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिले की त्याचा डाग कायमचा उमटू शके. आजच्या एलसीडीला ती भीती फारशी नाही. मग तो लावावाच कशाला? कारण अक्षरे वाचता आली, तर तो दुरून दिसणारे घड्याळ किंवा पाटी होतो. म्हणून सेटिंग करताना दिखाऊपणापेक्षा वाचनीयता पाहावी. विंडोज ११ मध्ये ‘पर्सनलायझेशन’मधील ‘लॉक स्क्रीन’खाली ‘स्क्रीन सेव्हर’ उघडून ‘थ्रीडी टेक्स्ट’ निवडा आणि ‘सेटिंग्ज’वर क्लिक करा. तिथे ‘टाइम’ निवडता येते किंवा स्वतःचा मजकूर लिहिता येतो. ‘स्पिन’मध्ये शब्द पूर्ण गिरकी घेतो, त्यामुळे अर्धा वेळ अक्षरे उलटी दिसतात, ‘सी-सॉ’मध्ये तो झोपाळ्यासारखा डुलतो आणि वाचता येतो. वेग कमी, फॉन्ट ठसठशीत आणि रंग एकच असला की झाले.

यात वीज वाया जाते, हा आक्षेप खराच आहे. त्यावर उपाय म्हणजे काही मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल असे ‘पॉवर’मध्ये ठरवणे. आणि ‘स्क्रीन सेव्हर’च्याच खिडकीत ‘ऑन रिझ्यूम’च्या चौकटीत खूण केली, तर जागेवर परतल्यावर संगणकाला कुलूप लागलेले मिळते. मग शोभाही कामाची ठरते.