हाराआधी टॉर्च

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. या तीन दिवशी महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोटारीच्या शोरूममध्ये सकाळपासून लगीनघाई असते. लाल कापडाखाली झाकलेल्या गाड्या रांगेनं उभ्या असतात. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात घेऊन सहकुटुंब फोटो. मागचं कुटुंब पेढ्यांचा पुडा घेऊन ताटकळलेलं. एवढ्यात सेल्समन एक कागद पुढे करतो, "साहेब, इथे फक्त एक सही." गाडी पाहून, तपासून, सुस्थितीत ताब्यात मिळाली, असं त्या कागदावर छापलेलं असतं. तो वाचून सही करणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी नवी गाडी, विशेषतः विजेची, कशी तपासावी, हे सांगणारे व्हिडिओ हल्ली भरपूर आहेत. त्यातल्या सूचना चांगल्या असतात, पण दिवस चुकीचा असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार नव्या गाडीची नोंदणी विक्रेताच करतो आणि नंबर पडून पाटी लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती देता येत नाही. म्हणजे तुम्ही हार घेऊन शोरूममध्ये पोचता, तेव्हा गाडीचं पासिंग झालेलं असतं, विमा उतरलेला असतो, बँकेनं पैसे सोडलेले असतात. कागदोपत्री गाडी तुमची झालेली असते. दारावर पोचा दिसला तर तो तुमच्या गाडीवरचा पोचा. विक्रेता फार तर डेंटिंग-पेंटिंग करून देईल, गाडी बदलून देणार नाही. त्याच दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट बदलली. विक्रेत्यामार्फत नोंदवलेली नवी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही. कारखान्याचं गेट सुटल्यापासून तुमच्या दारात येईपर्यंत सरकारी डोळा तिच्यावर पडतच नाही.

म्हणून तपासणीची खरी वेळ चेसिस नंबर अलॉट झाल्यानंतरची आणि पासिंगला टाकण्याआधीची. विक्रेत्याचा स्वतःचा माणूस पीडीआय म्हणजे डिलिव्हरीपूर्व तपासणी करतो, ती वेगळी. त्याच्या यादीची प्रत मागून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. बुकिंग करतानाच सांगून ठेवायचं, आणि नुसतं तोंडी नाही, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर, की 'गाडी यार्डात आली की कळवा, मी येऊन बघेन, मग उरलेले पैसे भरेन आणि मगच पासिंगला टाका.' काही विक्रेते आनंदानं तयार होतात. काही जण 'यार्डात ग्राहकांना परवानगी नाही' म्हणतात. तेव्हा 'मग गाडी शोरूमवर आणा' म्हणायचं. दोन्हीला नकार मिळाला, तर विक्रेता बदलण्याचा विचार करावा. मुहूर्त गाठायचा असेल तर हे सगळं निदान आठवडाभर आधी उरकायला हवं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी कुणालाही वेळ नसतो.

असं कोण फसवतंय, असं वाटत असेल तर गोव्यातलं एक प्रकरण सांगतो. एका ग्राहकानं २०११ चं मॉडेल म्हणून पैसे मोजले आणि त्याच्या पदरात पडली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी. प्रकरण जिल्हा मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानं गाडी बनवणाऱ्या कंपनीला त्यातून मोकळं केलं, कारण कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा होता आणि विक्रेत्याच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती, हे सिद्ध झालं नव्हतं. ती गाडी विजेची नव्हती. पण धडा सर्व गाड्यांना लागू आहे: बॉनेटवरचं चिन्ह कितीही मोठ्या कंपनीचं असो, तुमचा व्यवहार विक्रेत्याशी असतो.

गाडीचं वय लपत नाही. सतरा अक्षरांच्या चेसिस नंबरात दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत सालाचं असतं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याचं अक्षर प्रत्येक कंपनी आपापल्या जागी ठेवते, ते विचारून घ्यावं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. टायर गाडीपेक्षा दोन-तीन महिने जुना असणं स्वाभाविक आहे, गाडीपेक्षा नवा असेल तर मात्र तो का बदलला हे विचारायला हवं. ओडोमीटरवर थोडे किलोमीटर असणारच, ट्रेलरवर चढवताना-उतरवताना आणि यार्डातल्या हलवाहलवीत तेवढे होतात. शंभरी ओलांडली असेल तर कारण लेखी मागा.

रंगाची तपासणी पेट्रोलच्या गाडीसारखीच, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. उन्हात बघा, गाडी धुतलेली असावी पण पॉलिश केलेली नसावी. दारांच्या रबरी बीडिंगवर रंगाचे शिंतोडे, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, एका बाजूची फट दुसरीपेक्षा रुंद असं काही दिसलं, तर गाडीवर एकदा हात चालून गेलेला आहे असं समजावं. टेफ्लॉन कोटिंग आधीच मारून ठेवलेलं असेल तर नीट बघणं अवघड होतं. कोटिंग नंतर करा, असं बजावून ठेवा.

आता विजेच्या गाडीचं वेगळेपण. इंजिन नाही, त्यामुळे वडिलांच्या पिढीसारखं बॉनेट उघडून 'आवाज कसा गोड येतोय' म्हणण्याची सोय नाही. मात्र तीच शांतता उपयोगी पडते. इंजिनाच्या घरघरीत बुडून जाणारे आवाज, म्हणजे डॅशबोर्डची किरकिर, मागच्या सस्पेन्शनची ठकठक, काचेच्या कडेची शिट्टी, इथे स्पष्ट ऐकू येतात. यार्डातल्या खडबडीत रस्त्यावर, एसी आणि गाणी बंद ठेवून, सेल्समनलाही गप्प बसवून चक्कर मारा. शेवटचं काम सर्वांत कठीण.

लोक मोठ्या बॅटरीची काळजी करतात, आणि गाडी बंद पडते ती बहुधा छोटीमुळे. विजेच्या गाडीतही नेहमीची बारा व्होल्टची बॅटरी असते. दारांची कुलपं, स्क्रीन, सगळे कंट्रोलर तिच्यावर जागे होतात. मोठ्या बॅटरीचा जाड स्विचसुद्धा तिच्याच जिवावर जोडला जातो. यार्डात गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की ही छोटी बॅटरी हळूहळू उतरते. पुण्याजवळच्या एका यार्डात असा प्रसंग पाहिला. गाडी नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही, मोठ्या बॅटरीत चार्ज पुरेसा. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही. यार्डातल्या मुलानं किल्लीच्या पोटातली धातूची चावी काढून दार उघडलं, बॉनेटखाली दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावल्या, आणि स्क्रीन पेटला तो लाल-पिवळ्या इशाऱ्यांची दिवाळी घेऊनच. "काका, होतं असं, दोन मिनिटांत जाईल," मुलगा म्हणाला. खरंच गेले इशारे. पण एकदा पूर्ण बसलेली लेड-अॅसिड बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. अशी गाडी घ्यायची असेल तर बारा व्होल्टची बॅटरी नवी बसवून द्या, अशी अट घालायची, आणि ती बसवली की तिच्यावरची तारीख बघायची.

या छोट्या बॅटरीला मोठ्या बॅटरीतून चार्ज करणारं उपकरण बिघडलं तरी तेच संकट. भारतात ह्युंदाईनं जून २०२४ मध्ये १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या आणि पुढच्याच महिन्यात कियानं १,१३८ ईव्ही ६ बोलावल्या, त्या याच भागातल्या दोषासाठी. त्यामुळे चालू गाडीत बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावून दाखवायला सांगणं हा अतिशहाणपणा नाही. गाडी चालू स्थितीत असताना तेरा व्होल्टच्या वर, बहुधा चौदाच्या आसपास आकडा दिसायला हवा.

दुसरी परीक्षा चार्जिंगची, आणि ही टाळून गाडी घरी आणणं म्हणजे नळ न सोडता बंगल्याचा ताबा घेणं. चार्जिंगचे दोन मार्ग असतात. घरचा एसी मार्ग गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरमधून जातो, फास्ट चार्जरचा डीसी मार्ग त्याला वळसा घालून थेट बॅटरीत. एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असं नाही, म्हणून दोन्ही लावून बघायचे. ७.२ किलोवॅटची गाडी वॉलबॉक्सवर साधारण सात किलोवॅट घेताना दिसली पाहिजे. साडेतीनच्या पुढे जात नसेल तर चार्जर, वायर किंवा गाडी यांपैकी एक दोषी. वायर बदलून बघा. फास्ट चार्जरवर दहा मिनिटं पुरेत, पण बॅटरी वीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असताना. नव्वद टक्क्यांवर लावाल तर वेग कमीच दिसणार, तो दोष नव्हे. गन नीट बसते का, चार्जिंग थांबवल्यावर कुलूप सुटतं का, झाकणाचं रबर जागेवर आहे का, हेही त्याच वेळी कळतं. अडकलेली गन ओढत बसण्याची वेळ फूड मॉलवर, मागे चार गाड्यांची रांग असताना येऊ नये.

इथे गाडीच्या बाजूनंही बोलायला हवं. घरी चार्जर लाल दिवा दाखवतो, ग्राहक शोरूममध्ये जाऊन भांडतो, आणि शेवटी निघतं काय, तर पार्किंगमधल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंगच नाही. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं. फ्रिज-टीव्ही अशा सॉकेटवर निमूटपणे चालतात, गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर वीज घेत नाही. गाडी येण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग, एमसीबी आणि वायरची जाडी बघून घ्या.

मग गाडीच्या पोटाखाली बघायचं. बॅटरीचा पॅक तळाशी सपाट बसवलेला असतो, आणि ट्रेलरवरून उतरताना किंवा यार्डातल्या दगडावर घासताना पहिला मार तिथेच बसतो. बहुतेक पॅक आयपी ६७ दर्जाचे असतात, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी निभतं. पण हा दर्जा धड पॅकचा, ठेचलेल्या पॅकचा नव्हे. गाडी वर्कशॉपच्या लिफ्टवर घ्यायला सांगा, टॉर्च घेऊन खाली उभे राहा आणि फोटो काढा. ओरखडा चालेल, पत्रा आत गेलेला चालणार नाही. नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च व्होल्टेजच्या असतात. त्या नुसत्या डोळ्यांनी बघायच्या, हात लावायचा नाही. यार्डात गवत माजलेलं असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही दिसेल.

सॉफ्टवेअरबाबत एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, "ते अपडेटमध्ये येईल." कॅमेरा लुकलुकतोय? अपडेटमध्ये येईल. ॲप जोडलं जात नाही? अपडेटमध्ये येईल. असेल तर अपडेट करून द्या आणि मग गाडी द्या, हेच उत्तर. आधी जोडलेले फोन यादीतून काढून टाका आणि ॲपवरची मालकी आपल्या नावावर झाल्याची खात्री करा. डिकीत स्टेपनी असेलच असं नाही. अनेक गाड्यांत तिच्या जागी पंक्चरचं द्रावण आणि छोटा पंप असतो. द्रावणाच्या बाटलीवर वापराची शेवटची तारीख असते, ती उलटून गेलेली असू शकते.

रेंजवरून मात्र त्या दिवशी वाद घालू नका. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो आणि स्क्रीनवरचा आकडा आधी कुणी कशी चालवली त्यावरचा अंदाज. महिनाभर चालवून मग काय ते बोला. कागदांत बीजक, विम्याची पॉलिसी आणि फॉर्म २१ व २२ यांवरचा चेसिस नंबर आणि मोटर नंबर गाडीवरच्या नंबरशी एकेक अक्षर ताडून बघा. बॅटरीची हमी साधारणपणे आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची असते, त्यामुळे बॅटरी पॅकचा क्रमांकही लेखी घ्या.

इतकं का करायचं, याचं कारण पुढच्या वाटेत आहे. सदोष नवी गाडी परत घ्यायला लावणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ग्राहक आयोगात निर्मितीदोष सिद्ध करायला बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच म्हटलं आहे. म्हणून जे दिसलं ते त्या छापील कागदावर, सहीच्या वर, तारखेसह हातानं लिहा, विक्रेत्याचा शिक्का घ्या आणि प्रत घेऊनच बाहेर पडा. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.