काटा नाचतो, इंजिन नाही

छोट्या विमानात तिसऱ्या सिलिंडरचं तापमान १८० अंश सेल्सिअसवरून क्षणात २४० वर जातं आणि लगेच खाली येतं, तेव्हा वैमानिकाच्या पोटात गोळा येतो. पण सिलिंडर हेड म्हणजे जाडजूड ॲल्युमिनियम. ते एका सेकंदात साठ अंशांनी तापत नाही, निवत तर मुळीच नाही. त्यामुळे संशय आधी तारेवर घ्यावा.

इथला तापमापक म्हणजे थर्मोकपल, दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. तो तापला की वीजदाब तयार होतो, तोही अंशाला जेमतेम ४० ते ५० मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा संकेताची वाट लावायला सैल स्क्रू, गंजलेलं टर्मिनल किंवा थरथरीने तुटत आलेली तार पुरते. कुणी घाईत साध्या तांब्याच्या तारेचा तुकडा जोडला असेल, तर त्याची दोन टोकं वेगवेगळ्या तापमानाला आली की आकडा भरकटतो. (हा उद्योग वाटतो त्याहून जास्त चालतो.)

मेकॅनिकची युक्ती सोपी आहे: तारा जागच्या जागी ठेवून शेजारच्या दोन सिलिंडरांचे प्रोब अदलाबदल करायचे. नाच प्रोबबरोबर गेला तर प्रोब बाद; जागेवरच राहिला तर तार किंवा दर्शकयंत्र पाहायचं. सगळेच आकडे एकदम हलत असतील तर अर्थिंग तपासायचं.

संथ, सलग चढणारा आकडा मात्र खरा मानायचा. अशा वेळी इंधनमिश्रण समृद्ध करायचं आणि नाक थोडं खाली करून वेग वाढवायचा, म्हणजे सिलिंडरांवरून जास्त हवा जाते.